छत्री, केबल आणि पासबुक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, यंदाच्या गणेशोत्सवात संध्याकाळच्या आरतीपूर्वी झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले काही आकडे लिहिताना भरले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘घरखर्चात बचत’ असा विषय छापला आहे. निवृत्त बँकवाला दिसला की लोक त्याला दोनच विषय देतात, एक बचत आणि दुसरा मुदत ठेवीचा व्याजदर. व्याजदराबद्दल आनंदाने बोलावं असं काही उरलेलं नाही. आणि सगळ्या घरखर्चावर बोलायला लागलो तर आरती उद्या सकाळी होईल. म्हणून एकच खर्च घेतो, टीव्हीचा. तोही घेतो कारण त्यात मी स्वतः तोंडावर आपटलेलो आहे.

आपण २००० साली इथे राहायला आलो, ते आठवा. लिफ्ट सुरू व्हायची होती, पाणी एक वेळ येत होतं, आवारात वाळूचे ढीग होते. पण केबल आली होती! बिल्डरने गेटचा दिवा लावायच्या आधी केबलवाल्याची तार गच्चीवरून प्रत्येक खिडकीत उतरली होती. त्याच वर्षी ३ जुलैला ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि रात्री नऊला आवारात चिटपाखरू दिसेना. आपली पहिली सर्वसाधारण सभा रात्री साडेआठला बोलावली होती. पावणेनऊला गणपूर्ती होती, पाच मिनिटांनी नव्हती. इतिवृत्त मीच लिहिलं होतं, म्हणून पक्कं आठवतं.

मराठीतही तेव्हा नवलाई होती. अल्फा टीव्ही मराठी आदल्याच वर्षी सुरू झालेली, ‘आभाळमाया’ घरोघरी चालू. केबलचे महिन्याला दीडशे रुपये द्यायचे, वहीत टिक करून घ्यायची, संपलं. माझ्या पिढीला तेही जास्त वाटायचे. आम्ही मुंबई दूरदर्शनवर वाढलेली माणसं. २ ऑक्टोबर १९७२ ला ते केंद्र सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत पुढे एकाच घरी टीव्ही आला आणि शनिवारचा मराठी सिनेमा बघायला त्या खोलीत तीस-पस्तीस माणसं. त्या काळी टीव्ही ठेवायचा तर पोस्टात जाऊन वर्षाचं परवाना शुल्क भरावं लागे. ते भरलं की वर्षभर आणखी काही द्यायचं नाही. त्यामुळे दर महिन्याला दारात माणूस येऊन टीव्हीचे पैसे मागतो, ही गोष्ट पचायला मला वेळ लागला. पण पचली. पचली ती इतकी की पुढे पंचवीस वर्षं मी त्या खर्चाकडे वळूनही पाहिलं नाही.

मधल्या काळात दोनदा जाग यायला हवी होती. एकदा २०१३ मध्ये. सरकारने केबल डिजिटल करायचं ठरवलं, त्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत आपलं ठाणंही होतं आणि कल्याण-डोंबिवलीही होती. ३१ मार्चची मुदत होती. घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. दुसऱ्यांदा २०१९ मध्ये. १ फेब्रुवारीपासून ‘ट्राय’चा नवा नियम आला की ग्राहकाने आपल्याला हव्या त्या वाहिन्या निवडायच्या आणि तेवढ्याचेच पैसे द्यायचे. शंभर वाहिन्यांपर्यंत जोडणीचं शुल्क, म्हणजे ते एनसीएफ, जास्तीत जास्त १३० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यापुढे सशुल्क वाहिनी घ्याल तशी तिची छापील किंमत. पुढच्या वर्षी त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या झाल्या.

ते फॉर्म आठवतात का? चार-चार पानं, बारीक टाईप. आपल्या ऑफिसात दोन रविवार टेबल टाकून मी बसलो होतो. लोकांचे फॉर्म भरून दिले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना फक्त बातम्या आणि कीर्तन हवं होतं, त्यांचं बिल एका फटक्यात निम्म्यावर आणलं. फार समाधान वाटलं. आणि माझ्या स्वतःच्या घरचा फॉर्म? तो भरायला वेळच झाला नाही. केबलवाल्याने सोयीसाठी एक ‘पॅक’ लावून दिला, मी ‘चालेल’ म्हटलं. त्या पॅकमध्ये तेलुगू सिनेमाच्या दोन वाहिन्या होत्या. आमच्या घरात तेलुगू कोणालाही येत नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या आधी पासबुक भरून आणलं आणि सहज चष्मा लावून बसलो. नोकरीत असताना दुसऱ्यांची खाती तपासत आयुष्य गेलं. पाच पैशांचा फरक लागला तर रात्री नऊपर्यंत शाखेत बसलेलो आहे. पण स्वतःच्या पासबुकात दर महिन्याला १९९ रुपयांची एक नोंद पडत होती आणि ती कसली, हे मला सांगता येईना. मुलाला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, ती क्रिकेटची. वर्ल्ड कप होता तेव्हा मी आलो होतो ना, तेव्हा तुमच्या फोनवर ॲप घालून दिलं होतं.” वर्ल्ड कप संपला, मुलगा पुण्याला परत गेला, पण १९९ रुपये तीस महिने जात राहिले. म्हणजे ५,९७० रुपये. त्या ॲपवर मी त्यानंतर काय पाहिलं? काहीही नाही. ते फोनच्या कुठल्या पानावर आहे, हेही मला माहीत नव्हतं. वर्ल्ड कप नेमका कुठला, ते विचारू नका. घरात त्यावर दोन मतं आहेत.

मग मी लेजर उघडावं तसा कागद घेतला. दिवाणखान्यातल्या टीव्हीची केबल महिना ४३० रुपये, वर्षाचे ५,१६०. आतल्या खोलीतल्या दुसऱ्या टीव्हीची केबल महिना ३००, वर्षाचे ३,६००. इंटरनेट ४९९ अधिक जीएसटी, म्हणजे महिना ५८८ रुपये ८२ पैसे, वर्षाचे ७,०६६. सुनेने घेऊन दिलेलं एक वार्षिक ॲप, १,४९९. आणि ते १९९ वालं, वर्षाचे २,३८८. बेरीज झाली १९,७१३ रुपये. दोन म्हाताऱ्या माणसांच्या करमणुकीला! यात वीज धरलेली नाही. दुसऱ्या टीव्हीला पूर्ण शुल्क लावायचं नाही, ४० टक्क्यांच्या वर जायचं नाही असा नियम २०२० पासून होता, हेही मला त्या कागदावर बसल्यावर आठवलं. मी कधी विचारलंच नव्हतं. (जुलै २०२४ पासून जोडणी शुल्काची ही मर्यादा काढून टाकली आहे. आता ते शुल्क कंपन्या स्वतः ठरवतात. म्हणून माझे आकडे तुमच्या बिलाला जसेच्या तसे लावू नका, आपलं बिल आपण वाचा.)

हिशेब संपला आणि मला चेव चढला. मी ठरवलं, केबल बंद. दोन्हीकडची. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ घ्यायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही योजना डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. एकदा छत्री आणि बॉक्स घ्यायचा, लावून घ्यायचा. मला सगळं मिळून १,८०० रुपये पडले. त्यानंतर महिन्याचं भाडं शून्य. शून्य म्हणजे शून्य. ‘फ्री डिशचं रिचार्ज संपलंय, केवायसी करा’ असा फोन आला तर तो शंभर टक्के भामटा आहे, फोन ठेवून द्या. देशात चार कोटींहून जास्त घरांत ही छत्री आहे. आपल्याकडे मात्र समज असा की ती खेड्यात असते, किंवा पत्र्याच्या घरावर. मलाही छत्री खांद्यावरून आणताना गेटवर दोघांनी विचारलं, “काका, गावी पाठवताय का?”

तिच्यात काय दिसतं? सह्याद्री दिसते, डीडी न्यूज दिसते, संसद दिसते. मराठी, हिंदी सिनेमाच्या काही खासगी वाहिन्या दिसतात. त्यांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे यादी बदलत राहते. आज दिसणारी वाहिनी पुढल्या वर्षी असेलच असं नाही. शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी शिकवणीच्या वाहिन्या आहेत, आकाशवाणी आहे. आणि क्रिकेटवाल्यांनी हे नीट ऐका. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण खासगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दिसतं. केबलवर तीच डीडी स्पोर्ट्स लावलीत तर त्या वेळी सामना दिसत नाही. म्हणजे ज्या सामन्यासाठी मी महिना १९९ भरत होतो, त्यातला भारताचा बराच खेळ छत्रीवर फुकट होता. आयपीएल मात्र यात येत नाही. नातवंडांना खोटी आशा दाखवू नका.

काय दिसत नाही, तेही सांगतो, कारण माझी चूक तिथेच झाली. संध्याकाळी सात ते दहा ज्या मालिकांवर आपलं निम्मं आवार जेवतं, त्या मोठ्या मराठी वाहिन्या सशुल्क आहेत. त्या फ्री डिशवर नाहीत.

हे मला माहीत होतं. मी सौ.ला विचारलं नाही, सांगितलं. “एक तारखेपासून केबल बंद. मालिका काय, सगळ्या सारख्याच.” ती म्हणाली, “बरं.” एवढंच. मला वाटलं, ठराव एकमताने मंजूर.

पहिल्या दिवशी आठ वाजता ती मेथीची जुडी आणि परडी घेऊन बाहेर गेली. म्हटलं, शेजारी गेली असेल. दुसऱ्या दिवशी शेंगा घेऊन. तिसऱ्या दिवशी लसूण. मी आपला सह्याद्रीवर एक जुनी मुलाखत बघत खूश. चौथ्या दिवशी लिफ्टची दुरुस्ती चालू होती आणि तिला यायला उशीर झाला. मी जिन्यात गेलो तर ती तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी. तिच्या गुडघ्याचं तुम्हाला माहीत आहे. आम्ही चौथ्यावर, ती दुसऱ्यावरच्या वहिनींकडे रोज मालिका बघायला जात होती.

वर आल्यावर मी जरा चिडूनच म्हणालो, “मला सांगायचं नाही का?”

ती म्हणाली, “काय सांगायचं? तुम्ही खर्च कमी केलात, मी कुठे नको म्हटलं? पण आता तिथेही जायचं नाही असं ठरवलंय. त्यांची सून शाळेचे पेपर तपासत बसलेली असते. मी गेले की बिचारी उठून टीव्ही लावते आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर पेपर तपासते.”

मित्रहो, मी ३६ वर्षं बँकेत काढली. जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय दिवस बंद करायचा नाही, हे शिकलो. इथे मी ४३० रुपये माझ्या बाजूला जमा दाखवले होते. नावे बाजू होती आमच्या हिच्या गुडघ्यांवर आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेच्या पाठीवर. ती मी लिहिलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट. चाळीत आम्ही तीस जण एका खोलीत टीव्ही बघायचो, ते आठवून मी नेहमी म्हणतो की काय ते दिवस! पण ज्यांच्या घरी तो टीव्ही होता त्या काकूंना शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. त्यांना ते दिवस कसे वाटत होते, हे मी कधी कोणाला विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला बोलावलं. हा माणूस आपल्याकडे सुरुवातीपासून येतो. तेव्हा पोरगेला होता, आता त्याचा मुलगा त्याच्याबरोबर येतो. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर आपली तार तुटली होती, तेव्हा हा पाण्यातून चालत पोखरण रोडवरून आला होता. तो आला, खुर्चीच्या टोकावर बसला. मी दोन्ही जोडण्या तोडल्याचं त्याला लागलं होतं, पण तोंडाने काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, “साहेब, तुमच्या विंगमध्ये अठरा होते, आता सात राहिले. पोरं सगळी मोबाइलवर बघतात.”

मी त्याच्यासमोर कागद ठेवला. म्हटलं, आपण दोघं मिळून हिशेब करू. १३० रुपयांच्या त्या जोडणी शुल्कातले तुला किती मिळतात? वरच्या कंपनीशी वेगळा करार नसेल तर नियमात वाटणी ५५ आणि ४५ अशी आहे. म्हणजे त्याच्या हातात ५८ रुपये ५० पैसे. सशुल्क वाहिन्यांच्या पैशातला मोठा वाटा वाहिनीवाल्यांकडे जातो, याच्याकडे थोडा. म्हणजे बघा, मी मोठा पॅक काढून लहान घेतला तर माझे बरेच पैसे वाचतात आणि याचं नुकसान त्या मानाने कमी होतं. पण मी जोडणीच तोडली तर याचे सगळेच जातात. हे गणित त्यालाही कोणी असं मांडून दाखवलं नव्हतं. त्याने कागदाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

मग सौ.ला बाहेर बोलावलं आणि या वेळी विचारलं, “तुला नक्की काय लागतं?” तिने बोटावर मोजून दोन वाहिन्या सांगितल्या. दोनच! ४३० रुपयांच्या पॅकमधल्या दोन. दोन्ही १९-१९ रुपयांच्या धरल्या तर ३८, त्यावर जीएसटी, आणि मूळचे १५३ रुपये ४० पैसे. एकूण १९८ रुपये २४ पैसे. आमच्या केबलवाल्याने जोडणी शुल्क अजून जुनंच ठेवलं आहे, म्हणून हे जमलं. मोफत वाहिन्या शेकड्याने येतात त्या वेगळ्याच. तेलुगू सिनेमे गेले. त्यातला एक मी आवाज बंद करून कधी कधी बघत असे, ते आता कबूल करतो.

आतल्या खोलीत छत्री राहिली, ती माझी. रात्री बातम्या, मॅच, जुने कार्यक्रम. इंटरनेट आम्ही केबलवाल्याकडूनच घेतलं, हल्ली तोही देतो. ३० एमबीपीएसचं, ३९९ अधिक जीएसटी, म्हणजे ४७० रुपये ८२ पैसे. मुलीशी व्हिडिओवर बोलायला आणि यूट्यूबवर नाट्यसंगीत ऐकायला आम्हा दोघांना तेवढा वेग पुरतो. सुनेने दिलेलं वार्षिक ॲप ठेवलं, कारण ती आली की तिला ते लागतं आणि प्रत्येक बचत करायलाच हवी असं नाही. १९९ वालं बंद. आता वर्षाची बेरीज अशी: केबल २,३७९, इंटरनेट ५,६५०, ॲप १,४९९. एकूण ९,५२८. आधी होते १९,७१३. फरक १०,१८५ रुपये. पहिल्या वर्षी छत्रीचे १,८०० वजा केले तरी ८,३८५.

हा फरक खात्यात तसाच पडू दिला असता तर दिवाळीत कुठे गेला ते कळलं नसतं. बँकेत मी हजारदा पाहिलं आहे, लोक सांगतात ‘खर्च कमी केला’, आणि शिल्लक तिथल्या तिथेच. म्हणून महिना ८०० रुपयांचं आवर्ती खातं उघडलं, एक तारखेलाच पैसे तिकडे वळतात. खातं सौ.च्या नावावर आहे. तिचं काय करायचं, हे तिने अजून मला सांगितलेलं नाही. मीही या वेळी विचारण्याची घाई करत नाही.

आता आपल्या सोसायटीपुरतं थोडं, कारण समोर कमिटी बसली आहे.

छत्री लावायची तर दिशा लागते. फ्री डिश ज्या उपग्रहावरून येते तो जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. आपण साधारण ७३ वर. म्हणजे छत्रीचं तोंड आग्नेयेला, आणि बऱ्यापैकी वर आकाशाकडे. ज्यांच्या खिडक्या उत्तरेला किंवा पश्चिमेला आहेत त्यांना ग्रिलमध्ये छत्री लावून उपयोग नाही, गच्चीच हवी. आणि वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी जे टॉवर उठत आहेत, त्यांच्यातला एखादा उद्या अगदी जवळ आग्नेयेला आला तर खालच्या मजल्यांची पंचाईत होईल. बॉक्स घेताना एमपेग-४ चा घ्या, जुन्या प्रकारच्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. जोराचा पाऊस आला की दहा-पंधरा मिनिटं चित्र जातं. ती छत्रीची बिघाड नाही, कारागिराला बोलावून दोनशे रुपये देऊ नका. मी दिले.

मुख्य मुद्दा गच्चीचा. माझी छत्री बसवायला आलेल्या मुलाने ड्रिल काढलं आणि सरळ स्लॅबला लावलं. मी ओरडलो म्हणून वाचलो. तीन वर्षांपूर्वी वॉटरप्रूफिंगसाठी आपण किती वर्गणी काढली, ते खजिनदारांना विचारा. प्रत्येकाने चार-चार भोकं पाडली तर सातव्या मजल्यावरच्यांच्या घरात पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागतील. माझी छत्री सध्या सिमेंटच्या ठोकळ्यावर, कमिटीची लेखी परवानगी घेऊन उभी आहे. माझी सूचना अशी की प्रत्येक विंगला एकच छत्री असावी. एका छत्रीवर चार किंवा आठ तोंडांचा एलएनबी बसतो आणि तेवढ्या घरांना वेगवेगळी तार जाते. ज्यांना हवं त्यांनी खर्च वाटून घ्यावा, ज्यांना नको त्यांच्यावर एक पैसाही पडू नये. पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, अशी विनंती. सभा कृपया आठच्या आत संपवा.

दुसरं, फोनमधून आपोआप जाणाऱ्या पैशांचं. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ असं एक पान असतं. तिथे कोणाला दरमहा किती द्यायची तुम्ही परवानगी दिली आहे त्याची यादी दिसते आणि तिथेच ती रद्द करता येते. कार्डावरच्या अशा वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२१ पासूनचा नियम आहे की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना आली पाहिजे. सूचना येतात हो. पण आपण त्या जाहिरात समजून पुसून टाकतो. माझ्या फोनवर अशा तीस सूचना येऊन गेल्या असणार. फोनमधलं ॲप नुसतं काढून टाकलं की पैसे थांबतात असं पुष्कळांना वाटतं, ते चूक आहे. परवानगी वेगळी रद्द करावी लागते.

पुढचे दोन रविवार, सकाळी दहा ते बारा, मी ऑफिसात टेबल टाकून बसणार आहे, २०१९ सारखा. केबलचं बिल, पासबुक आणि फोन घेऊन या. आणि येताना घरात जी व्यक्ती सगळ्यात जास्त टीव्ही बघते तिलाही घेऊन या. नुसता बिल भरणारा एकटा आला तर मी परत पाठवीन.

महिला मंडळाकडून खूण झाली आहे, आरतीचं ताट तयार आहे. आणि आठला वीस मिनिटं आहेत, आमच्या घरी त्या वेळी दिवाणखाना रिकामा लागतो.